ब्रेकमॅडमची मागची सीट

"सीट आहे की भोवरा? फिरते म्हणजे काय?"

"फिरते म्हणजे दाराकडे तोंड करते. बाळाला समोरून ठेवायचं, पट्टे लावायचे आणि मग सीट वळवून..."

"गाडीत बसलेल्या माणसानं फिरायचं नसतं. गाडीनं फिरायचं."

"मावशी, आधी बघ तरी!"

"बघितली. साहेबाची खुर्ची आहे. तुझं पोर जन्माला यायच्या आधीच साहेब झालं का? टेबलही घेऊन टाक मग. घंटी घे."

"तू ना, मुद्दाम करतेस."

"मी मुद्दाम करते? पोट तुझं, गाडी तुझी, हट्टही तुझाच. मला आणलंस कशाला इथे?"

"कारण बाळाला त्यात बसवणार तू आहेस!"

ह्यावर मावशीनं तोंड फिरवलं. समोर दुधाच्या बाटल्यांचं फडताळ होतं. तिकडे तिनं असं बघायला सुरुवात केली, की आता एकेका बाटलीची तोंडी परीक्षा घेणार. मग हळूच म्हणाली, "ते अजून ठरलेलं नाही. पाळणाघरंही चांगली असतात हल्ली."

पुन्हा पाळणाघर! गेले काही आठवडे हा शब्द आमच्या घरात उंदरासारखा शिरला होता. कुठूनही निघायचा. मला आठवा महिना लागलेला, पाय सुजलेले, नाकाच्या शेंड्यावर राग. मी दुकानातल्या एका स्टुलावर बसकण मारली आणि ठरवलं, आज ह्याचा निकाल लावल्याशिवाय उठायचं नाही. तसंही त्या स्टुलावरून उठायला मला मदत लागली असती.

दुकानाची मालकीण मधल्या मध्ये उभी होती. तिच्या एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात सीट पुसायचं फडकं. "मॅडम, चहा सांगू का?" तिनं विचारलं.

"चहा नको. तू अजून चौथा गिअर टाकत नाहीस ना?"

"टाकते हो मॅडम, कधीकधी..."

"खोटं बोलतेस. परवा मंडईच्या रस्त्यावर तुझी गाडी रडत चाललेली ऐकली मी."

मालकीण मावशीची जुनी शिकाऊ. आमच्या गावात कुठल्याही दुकानात, दवाखान्यात, कचेरीत जा, कुणीतरी पटकन उठून उभं राहतं आणि "मॅडम!" म्हणतं. मावशी ड्रायव्हिंग शिकवते. पाठीमागे सगळे तिला ब्रेकमॅडम म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे, आणि तिला ते आवडतं.

तिच्या क्लासच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहेत. शिकाऊ उजवीकडे स्टिअरिंगला लटकलेला, मावशी डावीकडे, अर्धी त्याच्याकडे वळून, पाय ब्रेकवर. तिच्या सगळ्या चपलांचे उजवे तळवे आधी झिजतात. सिनेमाला गेलो तरी पडद्यावरच्या गाडीसाठी तिचा पाय जमिनीत रुततो. दारं तिला आपटायचीच सवय. "लागलं का नीट?" असं म्हणत ती गाडीचं दार आपटते, तसंच घराचं, तसंच कपाटाचं. शेजारच्यांना ती घरी आली-गेली हे कळवावं लागत नाही.

आणि तिची एक गंमत आहे, जी तिला स्वतःला गंमत वाटत नाही. मावशी स्वतः गाडी क्वचितच चालवते. तिला सगळीकडे शिकाऊच नेतात. भाजी आणायची असेल तर त्या दिवशीचा धडा मंडईत. बँकेत काम असेल तर बँकेसमोर पार्किंग शिकायचं. एक बिचारा कारकून तर रिव्हर्स गिअर पूर्णपणे मावशीच्या दातांच्या डॉक्टरकडे शिकला. तिची दाढ काढून होईपर्यंत तो गल्लीत पुढे-मागे करत होता. ती गालाला कापूस लावून बाहेर आली आणि तोंड न उघडता, नुसत्या बोटानं म्हणाली: अजून थोडं मागे.

मी हे सगळं पाहिलंय, कारण मी तिथे होते. मागच्या सीटवर.

आई गेली तेव्हा मला बुटांचे बंदही बांधता येत नव्हते. बाबांची नोकरी जहाजावरची. ते यायचे, खाऊ द्यायचे, रडायचे, परत जायचे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, नुकताच स्वतःचा क्लास काढलेला. मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न तिनं असा सोडवला, की ठेवलंच नाही. शाळा सुटली की मला मागच्या सीटवर टाकायची आणि पुढचा शिकाऊ घ्यायची. माझा अभ्यास तिथे, डबा तिथे, दुपारची झोप तिथे. शिकाऊ घाबरून विचारायचे, "मॅडम, ही मागची कोण?" मावशी म्हणायची, "ती मागचीच आहे. तू पुढे बघ."

तेच माझं नाव पडलं. मागची. आजही गावातले अर्धे लोक मला त्याच नावानं हाक मारतात.

पुढे नाट्यशाळेत गेले तेव्हा सर सांगायचे, माणसं खरी कशी बोलतात ते कान देऊन ऐका. मी मनात म्हणायची, सर, माणूस पहिल्यांदा चढावर गाडी थांबवतो तेव्हा काय बोलतो, ते तुम्ही ऐकलंय का? मी ऐकत वाढले.

"मॅडम, समोरून ट्रक येतोय!"

"येऊ दे. तो त्याच्या बाजूनं येतोय. तू तुझ्या बाजूनं जा. तुम्हा दोघांची सोयरीक जुळवायची नाहीये आपल्याला."

"मॅडम, मी डोळे मिटले हो क्षणभर."

"कळलं. म्हणून मी माझे उघडे ठेवलेत."

असं ते चालायचं. आणि मध्येच गाडी गचकन थांबायची. कुणी कुत्रा वाचवलेला असायचा, कुणी ब्रेकऐवजी भलतंच दाबलेलं असायचं, बहुतेक वेळा मावशीनंच पाय मारलेला असायचा. तेव्हाच्या त्या गाडीत मागे पट्टे नव्हते. पण मी कधी पुढे आदळले नाही. का नाही आदळले, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. लहानपणी जे रोज होतं, त्याला कारण असतं असं वाटतच नाही.

तर, आता ह्या मागचीला बाळ होणार होतं. कळलं त्या दिवशी मावशी नाचायचीच बाकी होती. "तालमी सुरू झाल्या की तू खुशाल जा. सकाळचे क्लास मी बंद करते. तुझी गाडी घेईन, बाळाला तुझ्याकडून उचलीन, माझ्याकडे नेईन, संध्याकाळी आणून सोडीन. नवी मागची तयार करते की नाही बघ." हे तिनं स्वतःहून म्हटलेलं. मी मागितलं नव्हतं. पण ती म्हणाली आणि मला एकदम वाटलं, बाळाचं सगळं झालं. बाकीचं काय, कपडे आणि लंगोट.

आणि मग अचानक पाळणाघर. कारण नाही, चर्चा नाही. "अगं, तिथे चार मुलं असतात, पोर बोलायला शिकतं लवकर." मी नवऱ्याजवळ रडले. म्हटलं, तिला नकोय पुन्हा. एकदा एक परकं पोर वाढवून झालं तिचं, आता दुसरं कशाला? नवरा औषधांच्या दुकानात असतो, प्रत्येक गोष्टीवर हळू बोलतो. तो म्हणाला, "विचार ना तिला." म्हटलं, विचारायला भीती वाटते. ती 'हो, नकोय' म्हणाली तर?

नवऱ्याबद्दल एवढं सांगायला हवं, की त्याला गाडी येत नाही. मावशीनं त्याला शिकवायचा प्रयत्न केला होता. तिच्या सगळ्या कारकिर्दीत तिनं हात टेकले असा तो एकच. "जावईबापू," ती म्हणाली होती, "तुम्ही गुणी आहात. बसनं जात जा."

म्हणजे बाळाला घरी आणायचं तरी मावशीच, आणि रोज न्यायचं तरी मावशीच. नाहीतर पाळणाघर. म्हणून मी तिला त्या दुकानात ओढत आणलं होतं. सीट तिच्या पसंतीनं घेतली की ती आपोआप बांधली जाईल, असा माझा डाव होता.

"ही बघ," मावशीनं बोट दाखवलं, "ही साधी. एका जागी बसते, तोंड बंद ठेवते. ही घे."

"घ्या ना," मालकीण म्हणाली, "पण आधी बसवून बघा. मी सगळ्यांना बाहुलं देते बसवायला. गाडी दारातच आहे."

तिनं आतून एक बाहुलं आणलं. हातापायात वाळू भरलेलं, खऱ्या बाळाच्या वजनाचं. मान अशी लुळी, की मी पटकन हात खाली धरला. तिनं साधी सीट माझ्या गाडीत मागे, पदपथाच्या बाजूला बसवून दिली. सीटची पाठ गाडीच्या तोंडाकडे होती.

"उलटी लागली," मावशी म्हणाली.

"नाही मॅडम, अशीच. लहान बाळं मागे तोंड करूनच बसवायची."

"पाठमोरं? सगळं जग पुढे आणि पोराचं तोंड डिकीकडे?"

"मॅडम, जोरात ब्रेक मारला की माणसाचं काय होतं?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला विचारायचं धाडस ह्या गावात कुणी केलं नसेल. "मान पुढे जाते," ती म्हणाली.

"बाळाची मान तर अशी." मालकिणीनं बाहुल्याचं डोकं हलवून दाखवलं. "पाठमोरं असलं की सगळी पाठ, मान, डोकं सीटमध्ये दाबलं जातं. मानेला एकटीला झेलावं लागत नाही. आणि पुढच्या सीटवर तर नाहीच नाही. तिथे एअरबॅग असते. ती फुटली तर ह्या सीटच्या पाठीवरच आपटेल."

मावशीनं मान डोलावली. ब्रेकची भाषा तिला लगेच पटते. "हं. हे बरोबर आहे. मला माहीत नव्हतं. पुढे?"

"पुढे काय, बसवा बाळाला."

मी स्टूल दारापर्यंत ओढून तिथेच बसले होते. मला मावशीची पाठ दिसत होती. तिनं बाहुलं छातीशी धरलं, दारातून आत वाकली. आता ह्या सीटमध्ये बाळ ठेवायचं म्हणजे वाकून, वाकलेलंच राहून, कमरेत पीळ घेऊन, हात लांबवून, वर डोकं छताला लागू न देता... ती अर्धी आत गेली आणि थांबली.

"मावशी?"

मी स्टुलावरून पुढे झुकले.

"काय झालं?"

"काही नाही." आवाज गाडीच्या आतून आला, दबलेला. "पट्टा शोधतेय."

पण ती हलत नव्हती. मग बाहुलं तिच्या हातातून निसटलं, दाराच्या कडेवर डोकं टक्कन आपटलं आणि खाली पदपथावर पडलं. वाळूचं होतं ते. पण आम्ही तिघींनी एकदम "आई गं!" म्हटलं.

मालकिणीनं मावशीच्या कमरेला धरून तिला हळूहळू बाहेर घेतलं. मावशी सरळ झाली, अर्ध्यावर थांबली, मग उरलेली सरळ झाली. केस विस्कटलेले, चेहरा पांढरा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाहुल्याकडे पाहिलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "झालं समाधान? म्हणून म्हणत होते पाळणाघर."

"तुझी पाठ..."

"शेजारणीच्या नातवाला बसवायला गेले होते मागच्या महिन्यात. मोठेपणा करायला. म्हटलं, जरा सराव. पोर हातात आणि मी अशीच अडकले, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्याच्या आजीनं आधी पोर काढून घेतलं, मग मला मागून ओढून काढलं. बाटलीच्या बुचासारखं. हसतेस काय?"

मी हसत नव्हते. हसतही होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं, कारण एवढे आठवडे मी जे समजत होते ते तसं नव्हतंच. तिला बाळ नको नव्हतं. तिला बाळ पाडायचं नव्हतं.

"अगं मग सांगायचं ना!"

"काय सांगायचं? ब्रेकमॅडमला वाकता येत नाही? गावभर झालं असतं."

"मी नाही हो सांगणार कुणाला," मालकीण म्हणाली.

"तू चौथा गिअर टाक, तेवढं पुरे."

मालकीण आत गेली आणि ती फिरती सीट घेऊन आली. साधी काढली, ही बसवली. हिचा तळ गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत खटकन अडकला आणि तळातून एक जाडजूड दांडा खाली येऊन गाडीच्या जमिनीवर टेकला.

"हे काय?" मावशी.

"आधाराचा पाय. गचका बसला की सीट पुढे उलटू नये म्हणून जमीन दाबून धरतो."

मावशी जवळ गेली. "पाय खाली दाबून बसलीय," ती म्हणाली. मग आपल्या झिजलेल्या चपलेकडे पाहिलं. "माझ्यासारखीच."

तिनं आपलं पाऊल आत घालून त्या जागेची जमीन टाचेनं ठोकून पाहिली. "पोकळ नाहीये ना? पोकळ असली तर पाय खचेल."

"हेच बघायचं असतं मॅडम. काही गाड्यांत तिथे खाली कप्पा असतो, त्यात ही चालत नाही. तुमच्या मागचीच्या गाडीत नाही."

"गाडी मी निवडून दिलीय," मावशी म्हणाली. एवढ्यात तिचा रंग परत आला होता.

मग मालकिणीनं बाजूची कळ दाबून सीट दाराकडे वळवली. फिरली ती. मुकाट्यानं, लोण्यासारखी. आता सीटचं तोंड थेट पदपथाकडे होतं, म्हणजे मावशीकडे. जणू कुणी दार उघडून म्हणावं, या, बसा.

मावशीनं बाहुलं उचललं. त्याच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसली. वाळूच्या बाहुल्याच्या! मग उभ्या उभ्या, जराशी झुकून, समोरून त्याला ठेवलं. पीळ नाही, आत शिरणं नाही. दोन्ही हात मोकळे. खांद्यांवरून पट्टे घेतले, मध्ये अडकवले, खट्ट. बोट घालून पट्टा सैल नाही ना पाहिलं. सीट वळवली, पाठमोरी. खट्ट.

तिनं पुन्हा सीट दाराकडे वळवली. पट्टे काढले. बाहुलं उचललं. पुन्हा ठेवलं. पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा तिनं हे केलं तेव्हा तिचे ओठ हलत होते. मला माहीत आहे तो चेहरा. ती धडा पाठ करत होती.

"लॉक झालं हे कळतं कसं?"

"इथे हिरवं दिसतं. लाल असेल तर गाडी हलवायची नाही. आणि दाराकडे वळलेली असताना तर अजिबात नाही. ते फक्त बसवण्या-उतरवण्यापुरतं."

"म्हणजे हिरवं बघायचं, मग चावी लावायची. आधी चावी नाही." मावशीनं मला बोट दाखवलं. "ऐकलंस ना? जावईबापूंनाही सांग. ते चालवत नाहीत, पण सांग." मग जरा थांबून, एकदम पडलेल्या आवाजात, "पण तोंड दिसणार नाही गं. पाठमोरं पोर, मी पुढे. रडतंय की झोपलंय, कळणार कसं?"

"त्याला आरसा मिळतो मॅडम. मागच्या सीटच्या उशीला बांधायचा. तुमच्या आरशात त्याचा आरसा दिसतो, त्याच्यात बाळ."

"आरसा!" मावशी म्हणाली. जिनं आयुष्यभर शिकाऊंना "आरशात बघ, माझ्याकडे काय बघतोस" म्हणून झापलं, तिच्यासाठी एका पोराकरता एक वेगळा आरसा. तिनं माझ्याकडे वळून, आपणच ही गोष्ट शोधून काढल्यासारखं सांगितलं, "मग हीच घ्यायची. ती साधी काय कामाची? अडून बसते एका जागी."

"साहेबाची खुर्ची ना ही?"

"मग? माझं पोर साहेबच असणार आहे."

माझं पोर म्हणाली ती. मी स्टुलावरून उठायला तिचा हात मागितला फक्त.

येताना गाडी मी चालवत होते. ती नेहमीप्रमाणे डावीकडे, अर्धी माझ्याकडे वळून. मागे नवी सीट, रिकामी, हिरवं दिसत असलेली. मावशीनं तीनदा वळून पाहिलं होतं. शाळेच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला आणि मी ब्रेक मारला. जोरात.

आणि मावशीचा उजवा हात मागे गेला.

तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे समोर, उजवा पाय ह्या गाडीत नसलेल्या ब्रेकवर दाबलेला आणि उजवा हात दोन सीटांच्या मधून मागे, ताठ, पंजा उघडा. तिथे कुणी नव्हतं. मधली जागा रिकामी होती. पण तो पंजा बरोबर तितक्याच उंचीवर थांबला, जितक्या उंचीवर एखाद्या शाळकरी पोरीची छाती असते.

माझ्या छातीला तो हात आठवला. डोक्याच्या आधी छातीला. गाडी गचकली की एक गरम, घट्ट पंजा इथे, गळ्याखाली यायचा. वही उडायची, डबा उडायचा, मी नाही. तेव्हा मला तो सीटचाच भाग वाटायचा.

"उजवीकडे पाहिलं नाहीस," मावशी म्हणाली. "कितीदा सांगितलंय." हात मागे गेला होता हे तिला कळलंही नव्हतं. तो परत घेताना मात्र तिनं ओठ आवळले आणि कंबर हळूच चेपली. उजवी बाजू. पिळाची बाजू.

मी गाडी नीट घरी आणली. काही गोष्टी कळल्या की माणूस एकदम बोलू शकत नाही. आधी त्या सगळीकडे, जुन्या प्रत्येक दिवसात, लावून बघाव्या लागतात.

मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, पण रडली मात्र जोरात. मावशीनं तिला पाहिलं आणि म्हणाली, "हॉर्न चालू आहे."

घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी उभी. मावशीनं दार उघडलं, कळ दाबली, सीट वळवली. मुलीला माझ्याकडून घेतलं. ती जराशी झुकली, ठेवलं, पट्टे, बोट घालून पाहणं, वळवणं. खट्ट. "हिरवं," ती मोठ्यानं म्हणाली. पोर्चमधल्या वॉर्डबॉयनंही मान हलवली. मी टाके सांभाळत मुलीच्या शेजारी बसले. नवरा पिशव्या मांडीवर घेऊन मागेच, पलीकडच्या दाराला चिकटून. मावशी पुढे बसली, दार आपटलं, आरशाकडे पाहिलं, पाय दाबला.

"चला," ती म्हणाली.

कुणीच निघालं नाही.

"चला की! पोराला ऊन लागतंय."

नवरा अगदी हळू म्हणाला, "मावशी, चालवतंय कोण?"

मावशीनं उजवीकडे पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. ती स्वतः डावीकडे, आपल्या नेहमीच्या जागी बसली होती, नसलेल्या ब्रेकवर पाय रोवून, शिकाऊ यायची वाट बघत.

मी हसले तर टाके ओढायला लागले. "हसवू नकोस, हसवू नकोस गं," म्हणत मी पोट धरून रडेस्तोवर हसले. नवऱ्यानं पिशवीत तोंड घातलं. मावशी मानानं उतरली, गाडीला मानानं वळसा घातला, उजवीकडे बसली, सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले. चौथा, मुलीचा आरसा, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ.

"आता कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली, "मी शिकतेय."

तिनं गाडी इतकी हळू नेली, की मागचा रिक्षावाला ओरडला. तिनं काच खाली करून त्याला सांगितलं, "घाई असेल तर उडून जा." पण ब्रेक एकदाही जोरात लागला नाही. मुलगी सगळा रस्ता झोपली, आरशातल्या आरशात.

घरी तिनंच सीट वळवली, तिनंच उतरवलं, तिनंच वर आणलं. मुलीला माझ्या पलंगावर उशांच्या मध्ये ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दुखलं नव्हतं. ती नुसती उभी होती, काम नीट झालेल्या माणसासारखी. खाली रस्त्यावर एक हॉर्न वाजला, घाबरत घाबरत, अर्धाच. दुपारचा शिकाऊ आला होता.

"सोमवारपासून सकाळचे क्लास बंद," ती म्हणाली. "तू तालमीची तारीख सांग तुझ्या लोकांना."

"आणि दुपारी? हिला घेऊनच क्लास घेणार?"

"नाही." हे मात्र पटकन आलं. "तालमी असतील तेव्हा दुपारचेही बंद. शिकाऊच्या मागे पोर नाही बसवायचं. एकीला बसवलं, तेवढं पुरे."

"त्या एकीला काही झालं नाही."

"झालं नाही, हे नशीब."

"नशीब नव्हतं ते," मी म्हटलं. "मावशी, इकडे बघ. तू म्हणशील पाठ वयानं गेली. खरं सांग. एवढी वर्षं हात मागे टाकून शिकवत होतीस ना, माझ्यासाठी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. वाकली, समोरून, जराशीच, आणि तिच्या छातीवरचं दुपटं सारखं केलं. पंजा क्षणभर तिथेच राहिला.

मग तिनं टेबलावरची क्लासच्या गाडीची चावी उचलली, चपला हातात घेतल्या आणि निघाली. दाराशी थांबून तिनं कडी दाबून धरली, आणि दार इतकं हळू ओढून घेतलं, की ते लागल्याचं मला कळलंसुद्धा नाही.